आधी हिप्सा स्कोअर, मग ऑफर लेटर: अमेरिकेतल्या सरकारी कर्जफेडीचं व्यवहारी गणित

अमेरिकेत मुलीला डेंटल किंवा मेडिकल स्कूलला प्रवेश मिळाला की आईवडिलांचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘डॉक्टर नसलेल्या भागात दोन वर्षं काम केलं की सरकार कर्ज फेडतं म्हणे, खरं का?’ अर्धं खरं आहे. सरकार कर्जासाठी एक ठरावीक रक्कम देतं, उरलेलं आपल्याच गळ्यात राहतं. शिवाय ती रक्कम मिळणार की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा अर्ज भरण्याआधीच लागलेला असतो. कर्ज कोणाच्या नावावर आणि कुठून काढलं तेव्हा निम्मा, आणि नोकरी कुठल्या क्लिनिकमध्ये धरली तेव्हा उरलेला.

योजनेचं नाव नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर, म्हणजे एनएचएससी. १९७० च्या कायद्यातून ती उभी राहिली, कर्जफेडीची सोय १९८७ मध्ये जोडली गेली, आणि कारभार हर्सा या केंद्रीय संस्थेकडे आहे. नेहमीचा करार दोन वर्षांचा असतो. फॅमिली मेडिसिन, जनरल इंटर्नल मेडिसिन, पीडियाट्रिक्स, गायनॅक अशा प्रायमरी केअरमधल्या डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर, फिजिशियन असिस्टंट यांना पूर्णवेळ कामासाठी ७५,००० डॉलरपर्यंत. डेंटिस्ट, डेंटल हायजिनिस्ट आणि बाकीच्या पात्र मंडळींना ५०,००० पर्यंत. अर्धवेळ काम केलं तर निम्मे. स्पॅनिशमधून रुग्णांशी बोलता येतं हे परीक्षा देऊन सिद्ध केलं तर ५,००० वर. याशिवाय व्यसनमुक्ती उपचारांसाठी आणि ग्रामीण भागासाठी तीन वर्षांचे दोन वेगळे करार आहेत. आकडे आणि अटी दर वर्षीच्या मार्गदर्शक पुस्तिकेत छापून येतात. मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी काय केलं यापेक्षा यंदाची पुस्तिका वाचावी, कंटाळा आला तरी संपूर्ण.

सगळ्यात आधी नागरिकत्व. इथे ग्रीन कार्ड चालत नाही, अमेरिकेचं नागरिकत्वच लागतं. भारतातून बीडीएस करून आलेल्या आणि इथे दोन-तीन वर्षांचा इंटरनॅशनल डेंटिस्ट प्रोग्रॅम केलेल्या बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते. जे-वन व्हिसावर रेसिडेन्सी करणाऱ्यांसाठी कॉनराड ३० नावाची वेगळी वाट आहे. तीत डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ काम केलं की मायदेशी दोन वर्षं परत जाण्याची अट माफ होते, आणि प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० जागा मिळतात. पण त्यात कर्जाचा एक डॉलरही फिटत नाही. लोक या दोन गोष्टींची सर्रास गल्लत करतात.

कोण बसतं आणि कोण बसत नाही, हेही आधी बघून घ्यावं. कार्डिओलॉजिस्ट, सर्जन बसत नाहीत. सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, क्लिनिकल सोशल वर्कर बसतात. फार्मासिस्ट नेहमीच्या योजनेत नाहीत, व्यसनमुक्ती आणि ग्रामीण योजनांत आहेत. फिजिओथेरपिस्ट नाहीत. रजिस्टर्ड नर्सेससाठी नर्स कोअर ही वेगळी योजना आहे: दोन वर्षांत नर्सिंग-कर्जाचे ६० टक्के, आणि तिसरं वर्ष मिळालं तर आणखी २५ टक्के. तिच्यातल्या रकमेवर केंद्राचा आयकर लागतो, एनएचएससीच्या रकमेवर लागत नाही. एकाच घरात नर्स आणि डेंटिस्ट असतील तर टॅक्स भरताना हा फरक चांगलाच जाणवतो.

कर्ज कोणाच्या नावावर?

आपल्या घरांतून नेमकं इथेच चुकतं. मुलीवर बोजा नको म्हणून वडील स्वतःच्या नावावर पेरेंट प्लस (पालकांना मिळणारं सरकारी शैक्षणिक कर्ज) काढतात, किंवा घर तारण ठेवून होम इक्विटी कर्ज काढतात, किंवा काकांकडून बिनव्याजी उचलतात. प्रेमापोटी केलेलं असतं, पण यातलं काहीही या योजनेत धरलं जात नाही. कर्ज अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर, त्याच व्यवसायाच्या शिक्षणासाठी आणि अर्ज करण्याच्या आधी काढलेलं असावं लागतं. क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोन बाद. खासगी कर्ज चालतं, पण ते देणारी संस्था अमेरिकेतल्या केंद्र किंवा राज्य सरकारच्या देखरेखीखालची हवी. पुण्या-मुंबईच्या बँकेतून काढलेलं शैक्षणिक कर्ज त्यामुळे या हिशोबात येत नाही.

रीफायनान्स केलेलं कर्जही चालतं, फक्त त्यात दुसरं काही मिसळलेलं नको. कमी व्याजाच्या मोहात कारचं कर्ज त्यातच बसवलं किंवा नवरा-बायकोने दोघांची कर्जं एकत्र केली, की ते अख्खं कर्ज अपात्र ठरतं. दोघंही डॉक्टर असतील तर कर्जं वेगळी ठेवून दोघांनी स्वतंत्र अर्ज करावेत.

अर्जात प्रत्येक कर्जाचे दोन कागद लागतात. एक चालू स्टेटमेंट: त्यावर नाव, खाते क्रमांक, शिल्लक, व्याजदर आणि अलीकडची तारीख. दुसरा, मूळ कर्ज कधी आणि किती मिळालं हे दाखवणारा अहवाल. सरकारी कर्जांचा तपशील स्टुडंट एड डॉट गव्ह या साइटवर मिळतो. खासगी कर्जाचा कागद सावकाराकडून मागवावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. ॲपचा स्क्रीनशॉट जोडून भागत नाही. जे कर्ज अर्जात दाखवलं नाही ते नंतर घुसवता येत नाही, म्हणून लहानसहान कर्जसुद्धा यादीत घालावं.

स्कोअर क्लिनिकचा असतो

अर्जांची क्रमवारी मार्कांवर, निबंधावर किंवा तळमळीवर लागत नाही, मुख्यतः हिप्सा स्कोअरवर लागते. आरोग्यसेवकांची टंचाई असलेल्या भागांना, लोकसमूहांना आणि संस्थांना हर्सा हा स्कोअर देते. प्रायमरी केअर आणि मानसिक आरोग्याला कमाल २५, दातांच्या सेवेला २६. प्रायमरी केअरच्या २५ पैकी १० गुण लोकसंख्येच्या तुलनेत डॉक्टर किती यावर मिळतात. उरलेले गरिबी, बालआरोग्य आणि दुसऱ्या डॉक्टरपर्यंत जायला लागणारा वेळ यांच्यात पाच-पाच. दातांच्या हिशोबात गरिबीलाही १० गुण आहेत, आणि तिथला तो सव्विसावा गुण पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड आहे की नाही याचा! प्रायमरी केअरमध्ये साधारण ३,५०० माणसांमागे एकही पूर्ण डॉक्टर नसेल तर टंचाई मानतात, दातांसाठी तो आकडा ५,००० आहे.

पैसे संपेपर्यंत वरच्या स्कोअरपासून खाली वाटप होतं. म्हणजे २१ स्कोअरच्या क्लिनिकमधला साधारण अर्जदार १२ स्कोअरच्या क्लिनिकमधल्या हुशार अर्जदाराच्या पुढे असतो. म्हणून ऑफर लेटरवर सही करण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. एक, हर्साच्या हेल्थ वर्कफोर्स कनेक्टर या नोकऱ्यांच्या साइटवर ते क्लिनिक मान्यताप्राप्त म्हणून दिसतं का. दोन, तुमच्या विषयाचा स्कोअर किती. एकाच इमारतीत प्रायमरी केअरचा १९ आणि डेंटलचा १३ असू शकतो, आणि डेंटिस्टला १३ च लागू होतो. मुलाखतीत ‘आमचा स्कोअर खूप चांगला आहे’ असं एचआरने सांगितलं तर ‘कुठल्या विषयाचा?’ असं लगेच विचारावं.

मान्यता क्लिनिकच्या पत्त्याला असते. एका संस्थेच्या पाच शाखांपैकी तीनच मान्य असतील आणि आठवड्यातले दोन दिवस तुम्हाला चौथ्या शाखेत पाठवलं, तर ते दोन दिवस सेवेत मोजले जात नाहीत. नोकरीच्या करारात ‘गरजेनुसार कोणत्याही शाखेत’ हे वाक्य दिसलं तर ते बदलून शाखांचे पत्ते लिहून घ्यावेत.

आणि टंचाईचा भाग म्हटलं की ओसाड माळरान डोळ्यांसमोर आणू नये. मिसिसिपी डेल्टा, ॲपलाचियाचे डोंगर, नावाहो या मूळनिवासी लोकांची वस्ती तर आहेच, पण न्यूयॉर्कचं ब्राँक्स आणि शिकागोची साउथ साइडही या नकाशावर आहे.

आणखी एक सापळा साइनिंग बोनसचा. ‘तीन वर्षं राहा, नाहीतर बोनस परत द्या’ अशी अट ही सेवेची आधीची बांधिलकी धरली जाऊ शकते, आणि दुसरी बांधिलकी डोक्यावर असताना हा करार मिळत नाही. राज्य सरकारच्या कर्जफेड योजनेचंही तसंच. एक पूर्ण करा, मग दुसरी.

चाळीस तासांची मोजणी

पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला किमान ४० तास, वर्षात किमान ४५ आठवडे. हे ४० तास चारपेक्षा कमी दिवसांत कोंबता येत नाहीत, आणि २४ तासांतले १२ च धरले जातात. यातले बहुतेक तास मान्य क्लिनिकमध्ये प्रत्यक्ष रुग्णांसाठी, आणि मीटिंग, शिकवणं, कागदपत्रं यांना थोडेच; नेमकी विभागणी यंदाच्या पुस्तिकेत बघावी. बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरांना हॉस्पिटलमध्ये जावं लागतं म्हणून क्लिनिकमधल्या तासांत सवलत आहे. नुसतं ऑन-कॉल असणं मोजत नाहीत. या आठवड्यात ५० तास केले म्हणून पुढच्या आठवड्यात ३० चालतील, असंही नाही.

सुट्टी, आजारपण, कॉन्फरन्स सगळं मिळून वर्षाला ३५ कामाचे दिवस. भारताची महिनाभराची वारी त्यातलीच! बाळंतपण किंवा मोठं आजारपण असेल तर करार तात्पुरता थांबवून मागता येतो, आणि तेवढी सेवेची शेवटची तारीख पुढे जाते. दर सहा महिन्यांनी क्लिनिकमधला नेमलेला माणूस पोर्टलवर तुमची हजेरी प्रमाणित करतो. अर्जाच्या वेळी नोकरीचा दाखलाही तोच भरतो, आणि त्याने तो भरला नाही तर तुमचा अर्ज पुढे सरकतच नाही. अर्जाची खिडकी वर्षातून एकदा थोडे आठवडे उघडते, आणि नेमका तेव्हा हा माणूस रजेवर असला की वर्ष गेलं. त्याचं नाव, फोन आणि रजेच्या तारखा आधीच विचारून ठेवाव्यात.

मध्येच सोडलं तर

न केलेल्या सेवेच्या वाट्याची रक्कम परत, शिवाय सेवेच्या राहिलेल्या प्रत्येक महिन्यामागे ७,५०० डॉलर, वर व्याज. ५०,००० घेऊन बारा महिन्यांनी नोकरी सोडली तर २५,००० अधिक ९०,०००, म्हणजे १,१५,००० डॉलर आणि व्याज. अगदी शेवटी सोडलं तरी किमान ३१,०००. बॉसशी पटत नाही म्हणून आधी राजीनामा आणि मग दुसरं क्लिनिक, हा क्रम इथे फार महागात पडतो. आधी एनएचएससीला कळवायचं, नव्या जागेला मंजुरी घ्यायची, मगच राजीनामा. क्लिनिकच बंद पडलं तर बदलीची सोय आहे, पण तेही लगेच कळवलं तर.

पैसे पुरतात का?

डेंटिस्टच्या डोक्यावर २ लाख ८० हजार डॉलर आहेत आणि व्याज ७ टक्के, असं धरू. वर्षाचं व्याज १९,६००. पन्नास हजार एकरकमी आले आणि लगेच भरले तर उरतात २ लाख ३० हजार, वर्षाचं व्याज १६,१००. मदत मोठी आहे, पण मुक्ती नाही. म्हणून एवढं कर्ज असणाऱ्यांनी पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस, म्हणजे पीएसएलएफ, शेजारी मांडून बघावी: ना-नफा किंवा सरकारी संस्थेत आठवड्याला ३० तास काम, पात्र योजनेतले १२० मासिक हप्ते, आणि उरलेलं सरकारी डायरेक्ट कर्ज माफ, केंद्राच्या करापासूनही मुक्त. बरीचशी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स ना-नफा आहेत, त्यामुळे तीच वर्षं दोन्हीकडे मोजली जातात. पीएसएलएफला नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे सरकारी कर्ज मिळालेल्या ग्रीन कार्डवाल्यांनाही ती खुली आहे.

दोन्ही चालवायच्या तर पैसा कुठे टाकायचा ते ठरवून टाकावा. खासगी कर्ज पीएसएलएफमध्ये कधीच माफ होत नाही, पण एनएचएससीत चालतं. मंजूर यादीत दोन्ही प्रकारची कर्जं असतील तर एनएचएससीची रक्कम खासगी कर्जावर टाकावी आणि सरकारी कर्ज उत्पन्नावर आधारित हप्त्यांवर चालू ठेवावं. जे दहा वर्षांनी माफच होणार आहे त्याचं मुद्दल आज कमी करून हाती काय लागतं? १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज) बंद आहे आणि मेडिकल-डेंटलसाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख आहे. महागड्या डेंटल स्कूलची फी त्यात मावत नाही, म्हणजे खासगी कर्ज येणारच, आणि ही विभागणी आणखी महत्त्वाची होणार.

उलट, प्रायमरी केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरवर ८० हजारांचं कर्ज असेल तर दहा वर्षं थांबायची गरजच नाही. ७५,००० आणि नंतरचा एक वर्षाचा करार, यात ते संपतं.

एनएचएससीचे पैसे थेट तुमच्या बँक खात्यात येतात, कर्ज भरायचं काम तुमचं. घराच्या डाउन पेमेंटसाठी थोडे वापरले आणि नंतर भरू म्हटलं, तर पुढचा करार गेला. पहिली दोन वर्षं झाली की पुढचा करार एकेका वर्षाचा असतो, सुरुवातीला २०,००० डॉलरपर्यंत. तो मागताना आधीची सगळी रक्कम मंजूर कर्जांवरच गेली हे कर्जखात्याच्या नोंदींवरून दाखवावं लागतं. मध्येच सर्व्हिसर (कर्जाचे हप्ते गोळा करणारी कंपनी) बदलला की जुन्या खात्याच्या नोंदी दिसेनाशा होतात, म्हणून प्रत्येक भरण्याची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून ठेवावी.