आधी पाय, मग हात: पकड सोडवण्याच्या सरावाची नोंद

स्वसंरक्षणाच्या सरावाच्या या टप्प्यात नवीन डाव शिकणं मी पूर्ण थांबवलं. मनगटाची पकड, गचांडी, मागून मारलेली मिठी, समोरून गळ्यावर आलेले हात, मागून गळ्याभोवती पडलेला विळखा आणि जमिनीवर पाडून अंगावर बसलेला माणूस, एवढेच सहा प्रसंग घेतले आणि प्रत्येकाला एकच सुटका ठरवली. विल्यम हिक या मानसशास्त्रज्ञाने १९५२ साली प्रयोगातून दाखवलं होतं की समोरचे पर्याय वाढले की प्रतिक्रियेला लागणारा वेळही वाढतो. मनगट कोणी धरल्यावर डोक्यात सहा डाव गर्दी करत असतील तर निवडण्यातच मोलाचा क्षण निघून जातो. सराव करणाऱ्या प्रत्येकाने आपली यादी एकदा निर्दयपणे छाटावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरी अट जोडीदारासाठी होती: नुरा कुस्ती नको. पकडीच्या तीन पायऱ्या ठरवल्या. पहिलीत तो फक्त घट्ट धरतो. दुसरीत धरून ओढतो किंवा ढकलतो. तिसरीत ग्लोव्ह घातलेल्या मोकळ्या हाताने मारायलाही बघतो. पहिल्या पायरीवर सुरेख चालणाऱ्या कितीतरी गोष्टी तिसरीवर गळून पडतात आणि जे उरतं त्यावरच पुढचा वेळ घालवावा.

मनगटापासून सुरुवात केली. पकडीचा कमकुवत भाग कुठे, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे: अंगठा आणि बोटांची टोकं जिथे भेटतात ती फट. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा. आपलं मनगट चपटं असतं, एका दिशेने रुंद आणि दुसऱ्या दिशेने अरुंद. ते फिरवून अरुंद कड त्या फटीसमोर आणायची आणि तिथूनच बाहेर काढायची. हे वाचायला सोपं आहे. खरी गंमत कोपरात आहे. हात आपल्याकडे खेचला की जोडीदार त्याच्यासोबत एक पाऊल पुढे येतो आणि पकड होती तशीच राहते, वर तो आता आणखी जवळ असतो. त्याऐवजी मी पाऊल त्याच्याकडे टाकते, गुडघे किंचित वाकवते आणि माझं कोपर त्याच्या कोपराकडे ढकलते. हात तिथल्या तिथे राहतो, कोपर पुढे जातं आणि माझ्या हाताची तरफ होऊन त्याचा अंगठा उघडतो. माझ्यापेक्षा बऱ्याच वजनदार जोडीदारावर दुसऱ्या पायरीलाही हे चालतं, कारण त्याच्या अंगठ्याविरुद्ध माझं सगळं वजन लागलेलं असतं. त्याने एका हाताला दोन्ही हातांनी धरलं तर मोकळ्या हाताने आपलीच मूठ वरून पकडायची आणि तेच कोपर पुढे न्यायचं. म्हणजे वेगळा डाव लक्षात ठेवावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र बारकाईने बघा. हे सगळं कातडीवरच्या पकडीचं आहे. बाही मुठीत गोळा करून धरली असेल तर मनगट कितीही फिरवा, कापड मुठीतच राहतं. तिथे ज्यूदोवाले करतात ते उपयोगी पडतं: त्याचं मनगट दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून ठेवायचं आणि कंबर झटक्यात मागे न्यायची. हात नुसते अडकवणीचं काम करतात, ओढण्याचं काम अंगाचं. गचांडीलाही मी हेच लावलं आणि यादी आणखी छोटी झाली.

ज्यूदोचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. ज्यूदोची मूळ संस्था असलेल्या कोदोकानने १९५६ साली ठरवलेल्या गोशिन जुत्सु या काताकडे (म्हणजे जोडीने करायच्या ठरावीक हालचालींच्या मालिकेकडे) स्वसंरक्षण म्हणून पुन्हा बघण्यासारखं आहे. त्यात २१ तंत्रं आहेत: सात धरलेल्या अवस्थेतून, पाच अंतरावरून होणाऱ्या हल्ल्यावर, आणि सुरा, काठी, पिस्तूल यांवर प्रत्येकी तीन. पहिल्याच तंत्रात हल्लेखोर दोन्ही मनगटं धरतो आणि लगेच गुडघा मारायला बघतो. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. पकड बहुतेक वेळा पुढच्या कशासाठी तरी असते: मारण्यासाठी, ओढून नेण्यासाठी, खाली पाडण्यासाठी. म्हणून पकड लागली की मी आधी पाय रुंद करते, बूड खाली नेते आणि मोकळा हात चेहऱ्यासमोर आणते. सोडवणं त्यानंतर. तिसऱ्या पायरीवर जे टिकलं ते याच क्रमामुळे टिकलं.

मागून मारलेल्या मिठीत तर हा क्रम म्हणजे सगळं काही आहे. हात अंगासोबत आवळलेले असले तर पहिला धोका उचलला जाण्याचा. जोडीदार उचलायला लागतो तेव्हा त्याला आपली कंबर स्वतःच्या कमरेवर घ्यायची असते. त्याआधीच मी खाली बसल्यासारखी होते, पाय फाकवते आणि किंचित पुढे झुकते. मग कंबर एका बाजूला सरकवते. या सरकण्याने त्याच्या जांघेसमोर माझा हात मोकळा होतो, आणि कोपर वर करून त्याच्याकडे वळायला जागा मिळते. पाय उचललेच गेले तर घोटा त्याच्या पिंढरीला आतून अडकवते. त्याला चालताही येत नाही आणि फिरवून आपटताही येत नाही. हात मोकळे असताना त्याचं एखादं बोट शोधून मागे वळवणं परिणामकारक आहे, पण सरावात इथे फार जपा. बोटाचा सांधा लहान असतो आणि टॅप करेपर्यंत, म्हणजे हाताने थोपटून ‘सोड’ अशी खूण करेपर्यंत, इजा होऊन जाते. आम्ही बोट फक्त पकडून दाखवतो, वळवत नाही.

गळ्याबद्दल मी सर्वात गंभीर आहे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर साधारण दहा सेकंदांत, कधी त्याहूनही लवकर, शुद्ध हरपू शकते. त्यामुळे इथे पहिली हालचाल विचाराशिवाय व्हायला हवी: हनुवटी छातीला, खांदे वर. समोरून दोन हातांनी दाबलं असेल तर त्याचे अंगठे आपल्या हातांच्या आकड्यांनी खाली उपटायचे आणि त्याच क्षणी गुडघा मारायचा, ही क्राव मगा या इस्रायली स्वसंरक्षण प्रकाराची पद्धत बऱ्याच ठिकाणी शिकवतात. मी ती करून बघितली आणि बाजूला ठेवली. ताकदीच्या माणसावर तिला वेळ अगदी अचूक साधावी लागते. मी ठेवली ती दुसरी: एक हात कानाला घासून सरळ वर, पाऊल मागे आणि संपूर्ण धड झटक्यात वळवायचं. त्याच्या मनगटांवर माझी काख आणि खांदा येतो, आणि माझ्या धडाच्या वळण्यापुढे त्याची मनगटं टिकत नाहीत. वळलेल्या हाताचं कोपर परत त्याच दिशेने चेहऱ्याकडे येऊ शकतं, हे जास्तीचं. सरावात जोडीदाराचे अंगठे श्वासनलिकेवर कधीही येऊ देऊ नका. हात गळपट्टीच्या हाडांवर ठेवून दाब द्या, शिकायला तेवढं पुरतं.

मागून गळ्याभोवती हाताचा विळखा पडला तर माझे दोन्ही हात सर्वात आधी त्याच्या आवळणाऱ्या हातावर जातात आणि तो खाली ओढून तिथेच धरून ठेवतात. हनुवटी त्याच्या कोपराच्या खोबणीकडे. मग त्याच्या बाजूला पाऊल आणि वळणं. विळखा एकदा बसला आणि दुसऱ्या हाताने कुलूप लागलं की पर्याय फार कमी उरतात, म्हणून आम्ही हा प्रसंग नेहमी हात मानेवर येत असतानाच सुरू करतो.

जमिनीवरचं थोडक्यात. अंगावर बसलेल्याचा एक हात छातीशी बांधायचा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायाने अडकवायचा आणि कंबर उचलून त्या बाजूच्या खांद्यावरून उलटायचं. ब्राझिलियन जिउ-जित्सू या जमिनीवरच्या झटापटीवर भर देणाऱ्या प्रकारातली ही अगदी सुरुवातीची सुटका आहे आणि अजूनही मला हीच सर्वात भरवशाची वाटते. हात आणि पाय एकाच बाजूचे अडकले नाहीत तर तो मोकळा हात टेकून थांबतो.

प्रत्येक सुटकेच्या शेवटी आता आम्ही एक भाग जोडलाय: सुटल्यावर दोन-तीन पावलं लांब, हात वर, नजर आजूबाजूला, आणि मोठ्याने ‘मागे हो!’ ओरडून निघून जाणं. मॅटवर सुटल्यावर लगेच पुन्हा पकडीसाठी हात पुढे करायची सवय लागते. ती मोडायला हे जाणीवपूर्वक करावं लागतं.

पुढचा टप्पा खुर्चीवरचा आहे. बसलेलं असताना पाय मागे घेता येत नाही, बूडही खाली नेता येत नाही, म्हणजे वरच्या प्रत्येक सुटकेचं पहिलं पाऊल बदलणार. सध्या आम्ही खुर्चीच्या कडेला सरकून, एक पाय बाहेर टेकवून तिथून कोपर पुढे न्यायचं करून बघतोय. मनगटाला ते चाललंय. केस मागून धरले असतील तर दोन्ही हातांनी त्याचा हात डोक्यावर दाबून उठायचं, यावर आता काम सुरू केलंय.