सातवा दिवस

हल्ली क्रायसिस कशालाही म्हणतात. सोसायटीचा टँकर दोन तास उशिरा आला, क्रायसिस. मीटिंग सुरू होता होता लॅपटॉप अपडेट व्हायला बसला, क्रायसिस. आमच्या घरात तर कांदे संपले तरी स्वयंपाकघरातून हाच पुकारा होतो. एके काळी हा शब्द वैद्यांचा होता, आणि तोसुद्धा तापाच्या रोग्यापुरता.

हिपोक्रेटीसच्या परंपरेतले ग्रीक वैद्य रोग्याची दिवसवार नोंद ठेवत. त्यातला एक रोगी फिलिस्कस. पत्ता एवढाच, की तटाजवळ राहणारा. पहिल्याच दिवशी सणकून ताप आणि घाम. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप गेल्यासारखा वाटला. संध्याकाळी परत चढला, जीभ कोरडी पडली, लघवी काळी झाली. श्वास लांब आणि मध्ये खूप वेळ जाऊन येणारा, जणू दर वेळी आठवण करून घ्यावा लागतोय. सहाव्या दिवशी दुपारच्या सुमारास तो गेला. अडीच हजार वर्षांपूर्वीची नोंद, पण वाचताना आपण खाटेशेजारी उभे असतो.

या वैद्यांचं म्हणणं असं, की दुखणं ठरावीक दिवशी निकालाला येतं. त्या घटकेला ते 'क्रिसिस' म्हणत. ती वाईटच असेल असं नाही. रोगी उठूनही बसेल. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन नावाच्या ग्रीक वैद्याने या दिवसांवर आख्खा ग्रंथ लिहिला. त्याच्या लेखी सातवा दिवस न्यायी राजासारखा आणि सहावा जुलमी हुकूमशहा. बिचारा फिलिस्कस सहाव्याच्याच हाती सापडला.

हे सगळं थोतांड म्हणून सोडून द्यावं, तर न्यूमोनिया आडवा येतो. औषधं नव्हती तेव्हा न्यूमोनियाचा ताप आठवडाभर चढलेला राही आणि मग काही तासांत, दरदरून घाम फुटून, झपकन उतरे. डॉक्टर त्याला क्रायसिसच म्हणत. टायफॉइडचा ताप मात्र हळूहळू उतरायचा. त्या उताराला वेगळा शब्द होता, लायसिस. आपल्याकडे टायफॉइडला मुदतीचा ताप म्हणायचे ते उगीच नाही. घरातली जुनी माणसं बोटांवर दिवस मोजत, आणि 'आजची रात्र काढली पाहिजे' हे वाक्य अजूनही आयसीयूच्या दाराशी ऐकू येतं. सल्फा औषधं आणि पेनिसिलिन आल्यावर सातव्या दिवसाची वाट बघायची गरज उरली नाही.

'क्रिसिस'च्या मुळाशी आहे 'क्रिनेइन' हे क्रियापद: वेगळं काढणं, निवाडा करणं. त्याही मागे जावं तर चाळण्याचा अर्थ हाती लागतो. लॅटिनमधली चाळणी, 'क्रिब्रम', याच कुळातली. मग पुढची भावंडं भेटत जातात आणि मजा येते. क्रिटिक हा सख्खा भाऊ. सीक्रेट म्हणजे वेगळं काढून ठेवलेलं, आणि ते सांभाळणारा तो सेक्रेटरी. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हे सांगायला हवं. कोर्टातला निकालही 'क्रिसिस'च होता. ॲरिस्टॉटलच्या मते नागरिक कोण, तर न्यायनिवाड्यात आणि अधिकारपदात ज्याचा वाटा तो. तिथेही हाच शब्द.

इंग्रजीत तो पंधराव्या शतकात आला, वैद्यकाच्याच बोटाला धरून. सतराव्यात राजकारणात शिरला, मग बाजारात. इथवर ठीक होतं, कारण निकालाची अट शाबूत होती. मला खुपतो तो 'पर्माक्रायसिस'. कॉलिन्स शब्दकोशाने २०२२ साठी वर्षाचा शब्द म्हणून तो निवडला: कायमचा क्रायसिस. म्हणजे खटला चालूच, निकाल नाही. रोज संध्याकाळी बातम्यांच्या पट्टीवर तो वाचून आपण निवांत पोळी-भाजी खातो.

जुन्या अर्थाचा क्रायसिस अगदीच नामशेष झाला असं नाही. क्युबात रशियन क्षेपणास्त्रं असल्याचं केनेडींना कळलं १६ ऑक्टोबर १९६२ ला, आणि ख्रुश्चेव्हनी ती परत न्यायचं कबूल केलं २८ ला. अणुयुद्ध किंवा माघार, मधलं काही नाही. दोन्ही टोकं धरून मोजले तर तेरा दिवस. सातव्यानंतर गेलनचा भरवसा चौदाव्या दिवसावर होता. पण ताप उतरला म्हटल्यावर एका दिवसासाठी कोण हुज्जत घालणार!