चार नंबरच्या बाटलीत काय होतं?

कार्बोहायड्रेट ओळखायच्या प्रॅक्टिकलला चार नंबरची बाटली दोन टेबलांवर गेली होती. आत 1 टक्का सुक्रोज. तास संपत आला तेव्हा एका टेबलाच्या जर्नलात ‘फ्रुक्टोज’ लिहून झालं होतं, आणि दुसऱ्या टेबलावरची मुलं ‘सर, ही कुठल्याच साखरेत बसत नाही’ म्हणत उभी होती.

फ्रुक्टोजवाल्यांचं पान आधी पाहिलं. बेनेडिक्ट (कॉपर रिड्यूस करणारी साखर दाखवणारी टेस्ट) पॉझिटिव्ह, सेलिवानॉफ (फ्रुक्टोजसारख्या कीटो साखरेला लाल होणारी) मिनिटाभरात लालभडक. इथवर ठीक. पण मधल्या ओळीत बारफोड (मोनोसॅकराइड पटकन ओळखणारी टेस्ट) निगेटिव्ह लिहिलेली, आणि तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलेलं नाही. फ्रुक्टोज मोनोसॅकराइड, म्हणजे एकाच घटकाची साखर आहे. उकळत्या वॉटर बाथमध्ये दोन-तीन मिनिटांत बारफोडचा लाल गाळ तळाशी दिसायलाच हवा. तीन टेस्टपैकी एक तरी खोटं बोलत होती. सेलिवानॉफ नव्हे, कारण त्या रिएजंटमध्येच हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, गरम करताना सुक्रोज तिथेच फुटतं आणि सुटलेलं फ्रुक्टोज रंग देतं. सुक्रोजला ही टेस्ट येणारच.

मग राहिली बेनेडिक्ट. ती नळी उजेडात धरली. 5 मि.लि. रिएजंट, 8 थेंब द्रावण, तीन मिनिटं उकळलेलं, आणि रंग निळ्यावर हिरवट झाक असलेला गढूळ. 1 टक्का फ्रुक्टोज असतं तर पिवळा-नारिंगी गाळ बसला असता. हिरवट म्हणजे साखर आहे, पण नावापुरती. त्यांचाच ड्रॉपर न धुता घेतला, त्याने नुसतं डिस्टिल्ड वॉटर बेनेडिक्टमध्ये टाकून उकळलं. पुन्हा हिरवट! तो ड्रॉपर आधी हायड्रोलिसिसच्या, म्हणजे ॲसिडने सुक्रोज फोडलेल्या नळीत गेला होता. 1 टक्क्याच्या एका थेंबात साधारण अर्धा मिलिग्रॅम साखर असते, आणि बेनेडिक्टला तेवढी पुरते. नवा ड्रॉपर घेतल्यावर नळी स्वच्छ निळी राहिली. सुक्रोजमध्ये ग्लुकोजचा पहिला आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन एकमेकांत अडकलेले असतात. दोन्ही ॲनोमेरिक कार्बन (जिथून रिंग उघडते ते) बंद, रिंग उघडायला जागाच नाही, मग कॉपर रिड्यूस करणार कोण?

दुसऱ्या टेबलाची भानगड नेमकी उलटी. त्यांनी हायड्रोलिसिस केला होता, तरीही बेनेडिक्ट निगेटिव्ह. ‘ॲसिड किती घातलं?’ ‘1 मि.लि. कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक.’ ‘न्यूट्रलाइज?’ गप्प. शिवाय वेगळे थेंब न काढता त्याच नळीत 2 मि.लि. बेनेडिक्ट ओतलेलं. बेनेडिक्टमध्ये लिटरला 100 ग्रॅम सोडियम कार्बोनेट असतं, म्हणजे 2 मि.लि.मध्ये 1.9 मिलिमोल. ते जास्तीत जास्त 3.8 मिलिमोल ॲसिड खाईल. नळीत होतं सुमारे 12. बेनेडिक्टमधल्याच सायट्रेटने उरलेल्यातलं थोडं उचललं तरी नळी ॲसिडीच राहते, आणि इतक्या तीव्र ॲसिडमध्ये क्युप्रस ऑक्साइडचा लाल गाळ पडत नाही. ओतताना फसफसलं होतं का, विचारलं. हो, खूप. तो फेस म्हणजे त्यांचं कार्बोनेट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जात होतं.

पाच थेंब ॲसिड घातलं असतं आणि त्यातले 8 थेंब ताज्या 5 मि.लि. रिएजंटमध्ये टाकले असते, तर न्यूट्रलाइज न करताही टेस्ट आली असती. मॅन्युअलमध्ये ‘न्यूट्रलाइज करा’ एवढंच छापलेलं असतं, का ते नाही. म्हणून घाई झाली की मुलं नेमकी तीच पायरी गाळतात. पुन्हा करायला लावलं. 5 मि.लि. द्रावण, 5 थेंब ॲसिड, बाथमध्ये दहा मिनिटं, गार करून चिमूट-चिमूट सोडियम कार्बोनेट फसफस थांबेपर्यंत, लिटमस निळा झाला की बेनेडिक्ट. या वेळी गाळ आला.

व्हायवात एकीने विचारलं, फ्रुक्टोज तर कीटोन, मग ते तरी बेनेडिक्टला कसं येतं? प्रश्न रास्त आहे. अल्कलीमध्ये ते एनडायॉल (डबल बॉन्डच्या दोन्ही कार्बनांवर OH असलेलं रूप) होतं, आणि रिड्यूस करतं ते एनडायॉल. बारफोड ॲसिडी असूनही मोनोसॅकराइडना लवकर येते आणि डायसॅकराइडना (दोन साखरा जोडलेल्यांना) उशिरा, म्हणून तिथे घड्याळ लावूनच बसायचं.

ओसाझोन टेस्टलाही (साखर फिनाइलहायड्राझिनबरोबर गरम करून स्फटिक पाहायची) घड्याळाचं तेच. फिनाइलहायड्राझिन विषारी, त्यामुळे हातमोजे आणि फ्यूम हूड हवेतच. फ्रुक्टोजचे पिवळे सुईसारखे स्फटिक गरम नळीतच दोन मिनिटांत दिसतात, ग्लुकोजचे पाचेक मिनिटांत, आणि दोघांचे सारखेच, कारण ज्या पहिल्या-दुसऱ्या कार्बनात फरक तेच झाकले जातात. एका गटाने सुक्रोजची नळी विसरून अर्धा तास बाथमध्ये ठेवली होती. तिच्यातही सुया आल्या, कारण तेवढ्या वेळात सुक्रोज फुटतं. मायक्रोस्कोपखाली त्या अस्सल ग्लुकोसाझोनच, म्हणजे ग्लुकोजचे ओसाझोन स्फटिक. जर्नलात किती मिनिटांनी दिसल्या ते लिहिलं नव्हतं, म्हणून त्या निरीक्षणाचे गुण मी दिले नाहीत.