उणे चिन्हं पुसली तेव्हा

प्रोग्रामरच्या नोकरीसाठी मुलाखती घेता घेता बरीच वर्षं झाली, पण त्या दिवसाची पंचेचाळीस मिनिटं अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहेत. प्रश्न नेहमीचाच होता: अ‍ॅरेमधला, म्हणजे आकड्यांच्या यादीतला, तिसऱ्या क्रमांकाचा मोठा आकडा शोधा. समोरच्या मुलीने सॉर्ट करून दोन ओळींत उत्तर दिलं. मग मी अट बदलली. आकडे एकेक करून येत राहतील, 10 लाख येतील नाहीतर 10 कोटी. सगळे मेमरीत ठेवायचे नाहीत.

"मग हीप," ती म्हणाली. "मोठा आकडा हवाय, म्हणजे मॅक्स-हीप." हीप म्हणजे आकड्यांची झाडासारखी रचना, जिच्या माथ्यावरचा आकडा लगेच हाती येतो: मॅक्स-हीपमध्ये सर्वांत मोठा, मिन-हीपमध्ये सर्वांत लहान.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं हीपक्यू हे तयार साधन मुळात मिन-हीप, म्हणून तिने प्रत्येक ठिकाणी उणे चिन्ह लावलं, म्हणजे सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान ठरून माथ्यावर येईल. पूर्ण अ‍ॅरे हाताशी असता तर ही वाट वाईट नव्हती. एन आकड्यांचा हीप एनच्या प्रमाणातल्या वेळात रचता येतो, संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट फ्लॉइडने 1964 मध्येच ती रीत दिली आहे. इथे मात्र अडत होतं. मॅक्स-हीपच्या माथ्यावर सर्वांत मोठा आकडा असतो, सर्वांत लहान खाली झाडाच्या कुठल्या तरी पानात दडलेला. मग टाकायचा कोणता?

मी एवढंच विचारलं, "तुम्हाला तीनच आकडे ठेवता येतील. चौथा आला तर कोणाला काढाल?"

तिने कॉमेंटमध्ये 7, 2, 9, 4, 11, 5 असं लिहिलं. पहिले तीन आत. 4 आला. "2 जाईल," ती म्हणाली, आणि थांबली. "पण तो माझ्या हीपमध्ये वर नाहीच."

बराच वेळ कोणी बोललं नाही. अशा वेळी इशारा द्यायचा मोह फार होतो, आणि माझ्या मते तिथेच आपण उमेदवाराचा घास हिरावून घेतो. मी गप्प बसलो. स्क्रीनवर कर्सर मागे सरकला आणि उणे चिन्हं एकेक करून पुसली जाऊ लागली.

"मोठे तीन राखायचे, तर त्यांतला सर्वांत लहान दारात उभा हवा. मिन-हीप."

पुढचं भराभर झालं. 4 आत, 2 बाहेर. 11 आत, 4 बाहेर. 5 हा माथ्यावरच्या 7 पेक्षा लहान, एका तुलनेत परत. उत्तर 7. वेळ एन लॉग के, जागा फक्त के; एन म्हणजे आलेले एकूण आकडे, के म्हणजे राखलेले, इथे तीन. चालत्या मध्यकाचा, म्हणजे आकडे येत असताना दर वेळी मधला आकडा सांगण्याचा, पुढचा प्रश्न मी विचारला, तर माझं वाक्य संपायच्या आत ती म्हणाली, "दोन हीप. लहान अर्ध्याचा मॅक्स, मोठ्या अर्ध्याचा मिन."

शेवटी तिनेच मला विचारलं, "11 दोनदा आला तर तो एकदा मोजायचा की दोनदा?" वेगवेगळेच आकडे मोजायचे असतील तर हीपसोबत सेटही, म्हणजे एकच आकडा दोनदा न ठेवणारा संग्रहही, लागतो, हे तिचं बरोबर होतं. माझ्या प्रश्नात ते कुठेच म्हटलेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी प्रश्नात ती ओळ घातली.