तुम्ही विचारलेत म्हणून : शिव्या खाणारा माणूस

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशापासून काही कोसांवरच्या एका गावात मी गेली बावीस वर्षे प्राथमिक शिक्षक आहे आणि आपल्याकडे जिला सरसकट ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ म्हणतात ती व्यावसायिक कुस्ती त्याहूनही अधिक काळ पाहत आलो आहे. ती भरवणाऱ्या अमेरिकन कंपनीने २००२ मध्ये नाव बदलून डब्ल्यूडब्ल्यूई केले, तरी गावात जुनेच नाव चालते. धानाची मळणी असो, ग्रामसभा असो की तेरवीचे जेवण, कोणीतरी मला विचारतेच, “गुरुजी, थे सारं खोटंच असते ना? मंग तुमी काहून पायता?” जे स्वतः पाहणारे आहेत त्यांचा प्रश्न थोडा वेगळा असतो, पूर्वीसारखी मजा आता राहिली आहे का, असे ते विचारतात. माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, म्हणून ते एकदा नीट लिहून काढतो.

आधी ‘खोटे’ या शब्दाविषयी. मातीतल्या दंगलीत दोन पैलवान आतून संगनमत करून, प्रेक्षकांना अंधारात ठेवून जी लढत करतात तिला आपण नुरा कुस्ती म्हणतो. ती खोटी असते यात शंका नाही, कारण तिथे खरेपणाचा दावा करून लोकांना फसवलेले असते. मी पाहतो त्या कुस्तीने हा दावा केव्हाच सोडून दिला आहे. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटसमोर कंपनीनेच आपला खेळ ही स्पर्धा नसून करमणूक असल्याचे सांगितले, कारण स्पर्धा म्हटली की क्रीडा आयोगाचे नियम आणि कर मागे लागत होते. निकाल आधी ठरतो हे गुपित फुटून पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. पडणारे शरीर मात्र खरेच असते. पोलादी तुळयांवर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर ताणून बांधलेले कापड, एवढीच ती रिंग. पाठीवर पडताना हनुवटी छातीला लावायची, दोन्ही हात एकाच वेळी आपटायचे आणि श्वास सोडून द्यायचा, म्हणजे आघात एका जागी न बसता पाठभर पसरतो. हे एका क्षणाने चुकले तर मानेवर बेतते. १९९९ च्या मे महिन्यात कॅन्सस सिटीत छतावरून रिंगमध्ये उतरण्याच्या तयारीत असलेला ओवेन हार्ट खाली पडून मरण पावला. त्या बातमीनंतर ‘खोटे’ हा शब्द या कलेसाठी वापरणे मला कधीच जमले नाही.

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला तर हे समजावून सांगण्याची गरजच पडू नये. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की होळीपर्यंत वडशाच्या नाटक कंपन्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत रात्ररात्रभर नाटके करतात. स्टेजवरचा सावकार सावकार नाही, वडशाहून गाडीत बसून आलेला नट आहे, हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असते. काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या मंडईत असाच एक सावकार विधवा भावजयीचा अंगठा कोऱ्या कागदावर घेत होता. रात्रीचे दोन वाजले असतील. पुढे बोरीवर गोधडी पांघरून बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली. नट थांबला, त्याने सरळ तिच्याकडे पाहिले, मिशीवरून बोट फिरवले आणि पुढचे वाक्य मुद्दाम सावकाश म्हटले. सगळा मांडव खवळला. पहाटे चहाच्या टपरीवर तोच नट डोळ्यांतले काजळ पुसत बसला होता. म्हातारी तिथे आली तेव्हा त्याने उठून तिला बाकावर जागा दिली. ती बसली, पण तोंड फिरवून. तो मला म्हणाला, “सर, ज्या रात्री शिवी पडत नाही त्या रात्री झोप लागत नाही.”

कुस्तीचे वर्म मला त्या टपरीवर जेवढे कळले तेवढे कुठल्याच समालोचकाने सांगितले नाही. या धंद्यात खलनायकाला हील आणि नायकाला बेबीफेस म्हणतात, आणि लढत उभी राहते ती हीलच्या जिवावर. लढतीची गती बहुतेक वेळा तोच राखतो. नायकाच्या ठोशाला वजन येते ते त्याच्या पडण्यामुळे, आणि नायकाला तो इतका छळतो की शेवटच्या दोन मिनिटांत तो उठून उभा राहिला की आपणही खाटेवरून उठतो. हे सगळे करून त्याला स्वतःच्या वाट्याला फक्त राग घ्यायचा असतो. तेव्हा आजच्या कुस्तीची अवस्था कशी आहे, याचा निवाडा मी एकाच गोष्टीवरून करतो : लोकांचा राग मनापासून अंगावर घेणारा माणूस आज तिथे आहे का?

माझ्या लहानपणी असे लोक भरपूर होते. त्या काळी गावात एकच रंगीत टीव्ही होता, वीज हमखास मुख्य लढतीच्या वेळी जायची, आणि उरलेली लढत आम्ही कुस्तीगिरांच्या पत्त्यांच्या कॅटमधली वजने, उंची आणि छातीचे माप एकमेकांवर फेकून पूर्ण करायचो. आमचा देव असलेला कुस्तीगीर अंडरटेकर सात वेळा मेला आहे, ही बातमी विदर्भातल्या प्रत्येक शाळेत कोणी पोहोचवली, याचा शोध कोणीतरी घ्यायला हवा. अवाढव्य योकोझुनाने १९९३ मध्ये हल्क होगनचा विजेतेपदाचा पट्टा हिसकावला, ते पुढे जेव्हा कळले तेव्हाही आम्ही दोन दिवस हळहळलो. त्याआधी १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या काळात सार्जंट स्लॉटर या कुस्तीगिराने इराकची बाजू घेणारी भूमिका वठवली आणि त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. युद्धात माणसे मरत असताना त्यावर असे कथानक रचणे मला आजही गैर वाटते, पण तो माणूस भूमिकेतून मागे हटला नाही, एवढी नोंद करायला हवी.

याच संदर्भात आपल्या लोकांविषयीही एक सांगतो. २००६ मध्ये हिमाचलचा दलीप सिंग राणा, म्हणजे द ग्रेट खली, खलनायक म्हणून आला आणि त्याने मे महिन्यात अंडरटेकरला चीत केले, तेव्हा आमचे गाव पेचात पडले होते. देव हरला आणि आपला माणूस जिंकला, आता टाळ्या वाजवायच्या की नाहीत? २०१७ मध्ये कॅनडात जन्मलेल्या जिंदर महलला मुख्य विजेतेपद मिळाले, तेव्हा मात्र मला आनंदापेक्षा खंत अधिक वाटली. त्याला खलनायक ठरवण्यासाठी त्याचा फेटा आणि त्याची पंजाबी एवढेच पुरेसे आहे, असे लिहिणाऱ्यांनी मानले होते. आमच्या नाटकातला सावकार तो कुठल्या गावचा आहे यामुळे दुष्ट ठरत नाही, तो काय करतो यामुळे ठरतो. परक्या मुलखाचा शिक्का मारून खलनायक बनवणे हा लेखकाचा आळस आहे, आणि कंपनीने हा आळस वर्षानुवर्षे केला.

आता आजच्याविषयी. कसब म्हणून पाहिले तर इतके चांगले कुस्तीगीर एका वेळी मी पूर्वी कधीच पाहिले नव्हते, आणि महिलांच्या बाबतीत तर जुन्या काळाकडे पुन्हा पाहूही नये. जिथे बायकांना ‘डिव्हा’ म्हणून दोन-तीन मिनिटांची लढत मिळायची, तिथे २०१९ च्या रेसलमेनियाची, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमाची, शेवटची, मानाची लढत तिघी बायकांनी लढली. हरियाणाची कविता देवी २०१७ मध्ये सलवार-कमीज घालून रिंगमध्ये उतरली, तो व्हिडिओ मी शाळेतल्या मुलींना दाखवला आहे. लांब पल्ल्याची कथा रचण्याचे धैर्यही कंपनीत परत आले. रोमन रेन्स या कुस्तीगिराने १,३१६ दिवस पट्टा सांभाळला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये कोडी रोड्सने तो घेतला, तेव्हा साडेतीन वर्षांचे देणे फिटल्यासारखे वाटले. कंपनीच्या जुन्या मालकावर झालेले आरोप आणि २०२४ मध्ये त्याने सोडलेले पद हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. त्या माणसाच्या जाण्याचे मला दुःख नाही.

उणे आहे ते खलनायकाच्याच जागी. प्रेक्षकाला आता आतली गोष्ट कळते याचा अभिमान वाटू लागला आहे, आणि जो चांगला खलनायक आहे त्याला तो ‘काम छान करतो’ म्हणून टाळ्या देतो. डॉमिनिक मिस्टेरिओचे उदाहरण घ्या. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये त्याने कुस्तीगीर असलेल्या स्वतःच्या बापावर हात उचलला, आणि नंतर कित्येक महिने अशी हुर्यो उडत होती की त्याने माइक तोंडाशी धरला तरी एक शब्द ऐकू येत नसे. बापाशी बेइमानी करणारा पोरगा, हे कुठल्याही मुलखात कळते. आमच्या घरी तर माझी आई, जिला या खेळातले काहीच कळत नाही, ती पडद्याकडे पाहून “काय बी पोरगा निपजला” म्हणायची. २०२५ च्या रेसलमेनियात त्याने इंटरकॉन्टिनेंटल पट्टा जिंकला तेव्हा तेच लोक त्याच्या नावाचा जयघोष करत होते. त्याने सुधारल्याचे काहीही दाखवले नव्हते. लोकांना तो आवडू लागला होता, इतकेच.

जॉन सीनाचे तर मला अधिक वाईट वाटले. वीस वर्षे मुलांचा नायक राहिलेला हा माणूस २०२५ च्या मार्चमध्ये टोरंटोत अचानक खलनायक झाला. ती रात्र मोठी होती. पुढे मात्र ते कथानक कोणी नीट सांभाळलेच नाही. त्या वर्षी तो निवृत्त होणार होता, म्हणून लोक निरोपाच्या टाळ्या वाजवत राहिले, आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत तो पुन्हा नायक झाला होता. भूमिका घेतली तर पहाटेपर्यंत निभवावी. आमच्या सावकाराला दुसऱ्या अंकात उपरती झाली असती, तर मांडवातल्या लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते.

याला पाहण्याची बदललेली रीतही कारण आहे. २०२५ च्या एप्रिलपासून ही कुस्ती भारतात नेटफ्लिक्सवर आहे. गावात ज्यांच्याकडे केबल होती ते सगळे वर्गणी भरून पाहतील असे नाही, आणि माझे विद्यार्थी ती आता अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या रील्समध्ये पाहतात. अर्ध्या मिनिटात उडी दिसते, आपटणे दिसते, खुर्ची दिसते. राग येण्यासाठी मात्र वेळ लागतो. माणूस आठवड्यामागून आठवडे शब्द मोडताना, मित्राचा घात करताना, हरल्यावर दोष पंचावर ढकलताना दिसावा लागतो. २०१४ मध्ये ब्रॉक लेसनरने अंडरटेकरची रेसलमेनियातली २१ विजयांची अखंड मालिका तोडली, ती लढत आपल्याकडे सोमवारी पहाटे दिसली. बाहेर बाया टोपल्या घेऊन मोहफुले वेचायला निघाल्या होत्या आणि आत आम्ही चौघे बोलेनासे झालो होतो. रीलमध्ये तो क्षण फक्त पंचाच्या तीन थापांचा आहे. आमच्यासाठी त्याच्यामागे तेवीस वर्षे होती.

तरीही आशा सोडावी अशी परिस्थिती नाही, आणि त्याला कारण गुंथर हा ऑस्ट्रियाचा कुस्तीगीर आहे. त्याच्याकडे विनोद नाही, लाडीगोडी नाही. उघड्या तळहाताने तो छातीवर असा फटका मारतो की समोरच्याची कातडी लाल झालेली दिसते. १३ डिसेंबर २०२५ ला, आपल्या रविवारच्या सकाळी, वॉशिंग्टनमध्ये त्याची सीनाशी लढत होती, आणि ती सीनाची अखेरची होती. मी रात्रभर शेजारच्या गावी नाटक पाहून आलो होतो. माझ्या घरी वर्गातली तीन-चार मुले आणि नेहमी ‘खोटंच असते ना’ म्हणणारे एक शेजारी काका बसले होते. गुंथरने मागून गळ्याला विळखा घातला. सीना सुटला, पुन्हा सापडला, आणि ‘हार मानू नका’ हे ब्रीद ज्याने आयुष्यभर छातीवर मिरवले त्याने शेवटी हसून हाताने थाप देत हार कबूल केली. तिथल्या लोकांनी जो आरडाओरडा केला तो कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. अनेकांना हा शेवट अन्यायाचा वाटला, कंपनीवर लोक चिडले. मला तो योग्य वाटला, कारण जाणाऱ्या माणसाने आपली सगळी पुण्याई मागे राहणाऱ्या खलनायकाच्या ओंजळीत टाकली आणि गुंथरने ती एकदाही न हसता, कोणाची सहानुभूती न मागता घेतली.

काकांनी चहा तसाच ठेवला आणि ते काही न बोलता शेताकडे गेले. सोमवारी परिपाठ संपल्यावर सातवीतला एक मुलगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. “सर,” त्याने विचारले, “आता त्या गुंथरले कोन हरवन?”