सराव नोंद, टप्पा दुसरा: दोन राजे आणि एक प्यादं

या टप्प्यात बुद्धिबळाचं ओपनिंग (डावाची सुरुवात) पूर्ण बाजूला. पटावर दोन राजे आणि एक प्यादं, एवढंच. नवशिक्यांना हे रुक्ष वाटतं, पण मधल्या डावातल्या एका मोठ्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं: एक प्यादं जास्त असताना शेवटच्या हत्तीची मारामारी करावी की नाही? उरलेला डाव बरोबरीचा निघणार असेल, तर ती मारामारी म्हणजे हातातला विजय सोडणं.

आधी चौकोन, म्हणजे ज्या घरांत शिरलेला राजा पळणाऱ्या प्याद्याला गाठतो तो भाग. पांढरं प्यादं ए४ वर असेल, तर ए४, ए८, ई८, ई४ हा त्याचा चौकोन. काळा राजा एफ४ वर आणि चाल त्याची, तर तो ई५ ला येऊन चौकोनात शिरतो आणि प्यादं पकडतो. चाल पांढऱ्याची असेल तर प्याद्याचा वजीर होतो. चूक होते ती ए२ वरच्या प्याद्यात: ते पहिल्या चालीत दोन घरं जातं, म्हणून चौकोन ए३ पासून मोजायचा.

खरा वेळ ऑपोझिशनला, म्हणजे राजांच्या समोरासमोरच्या अडवणुकीला द्यावा. मांडणी: पांढरा राजा ई४, प्यादं ई२, काळा राजा ई६, चाल पांढऱ्याची. राजे समोरासमोर, मध्ये एक घर. ज्याला हलावं लागेल तो वाट सोडतो. पांढरा प्यादं ई३ ला नेतो आणि हलण्याची पाळी काळ्यावर येते. तो डी६ ला गेला तर पांढरा राजा एफ५, एफ६ ला गेला तर डी५, मागे ई७ ला गेला तर ई५. आता तीच मांडणी, पण प्यादं आधीच ई३ वर आणि चाल पांढऱ्याची: बरोबरी. सगळा फरक त्या एका राखीव चालीचा. म्हणूनच प्यादं घाईने पुढे ढकलू नये. राजा ई३, प्यादं ई४, समोर काळा राजा ई५ अशी स्थिती आली, की चाल कुणाचीही असो, विजय गेला. राजा पुढे, प्यादं मागे.

बचावाची बाजूही तितकीच घोटावी. पांढरा राजा ई५, प्यादं ई६, काळा राजा ई७, चाल काळ्याची. वाचवणारी चाल एकच: सरळ मागे, ई८. मग राजा डी६, राजा डी८, प्यादं ई७ शह, राजा ई८, राजा ई६ आणि स्टेलमेट (शह नाही, पण चालही उरली नाही, म्हणून बरोबरी). डी८ ला गेलं की पांढरा डी६ घेतो आणि डाव हातचा जातो. बहुतेकांचा हात तिरका जातो, कारण ‘प्याद्याच्या जवळ राहायचं’ एवढंच डोक्यात असतं.

ए आणि एच पट्टीचं प्यादं वेगळं: बचाव करणारा राजा त्याच्या समोरच्या कोपऱ्यात पोचला की बरोबरी.

सराव लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर: मांडणी लावून इंजिनविरुद्ध दोन्ही बाजूंनी, चाल परत न घेता. नंतर विश्लेषणाच्या पटावर एक्स्प्लोरर उघडावा. सात किंवा कमी मोहरे असतील तर टेबलबेस (आधीच पूर्ण सोडवलेल्या शेवटांचा साठा) प्रत्येक चालीचा निकाल दाखवतो. आधी मात्र उत्तर कागदावर लिहावं, नाहीतर नुसतं बघणं होतं.

हे पक्कं झालं की रिचर्ड रेटीची १९२१ची रचना मांडावी: पांढरा राजा एच८, प्यादं सी६, काळा राजा ए६, प्यादं एच५. पांढऱ्याची चाल, बरोबरी करायची. पांढरा राजा एच प्याद्याच्या चौकोनापासून दोन चाली मागे आहे, तरी जी७, एफ६ असा तिरका निघतो. काळ्याने मध्येच राजा बी६ खेळलं तर राजा ई५. मग सी६ मारलं की एफ४ वरून एच प्यादं सापडतं, न मारता एच प्यादं पळवलं तर डी६ वरून पांढऱ्याचाही वजीर होतो. एकाच वाटेवर दोन कामं! दोन्ही फांद्या शेवटपर्यंत हाताने खेळून पाहाव्यात.

पुढचा टप्पा: हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती, सुरुवात ल्युसेना या प्रसिद्ध मांडणीपासून.