हजार किलोंत संसार

“एवढीच?” धाकटा गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला.

नेब्रास्कातल्या स्कॉट्स ब्लफच्या पायथ्याशी, मिचेल खिंडीत, जुन्या वळणाच्या बैलगाड्या उभ्या करून ठेवल्या आहेत. वर कमानीवर ताणलेलं पांढरं कापड, खाली जेमतेम दहा फूट लांब आणि चार फूट रुंद लाकडी पेटी. आमची व्हॅन याहून मोठी, आणि तिचाही मागचा दरवाजा निघताना दोघांनी ढकलून लावलेला. कारण कुकर. मोटेलमध्ये वरण-भात हवा हा हट्ट माझाच, त्यामुळे मी गप्प होते.

मे महिन्याच्या शेवटी तीन दिवसांची सुट्टी जोडून आली तेव्हा डेन्व्हरहून उत्तरेला जायचं ठरलं. लेक तेरा वर्षांची, मुलगा दहाचा. तिला शाळेत ओरेगन ट्रेलचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकात पश्चिमेला वस्ती करायला निघालेल्या कुटुंबांच्या गाडीवाटेचा, धडा होता आणि तो तिने तारखांसारखा पाठ केला होता. मिसुरी नदीपासून ओरेगनपर्यंत सुमारे 2,000 मैल, चार ते सहा महिने, 1843 साली हजारेक माणसांचा पहिला मोठा तांडा. “पण ते गेले का?” या प्रश्नाला तिचं उत्तर होतं, “जमीन फुकट होती म्हणून.” मी बँकेत नोकरी करते. ‘फुकट’ हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात.

म्हणून निघायच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर राजमा ओतला. एक दाणा म्हणजे दहा पौंड. तांड्यातल्या एका गाडीत साधारण 2,000 पौंड, म्हणजे नऊशे-हजार किलो भरता येत. तेव्हा दोनशे दाणे मोजून घ्या आणि संसार भरा. त्या काळच्या मार्गदर्शक पुस्तिका माणशी 200 पौंड पीठ, 150 पौंड खारवलेलं डुकराचं मांस, 20 पौंड साखर, 10 पौंड कॉफी आणि 10 पौंड मीठ सांगत. चौघांचे किती? लेकीने गुणाकार केला: 1,560 पौंड. पोरं मोठ्यांइतकंच खातात असं आम्ही धरलं, आणि आमच्या घरात ते खरंही आहे. एकशे छप्पन दाणे नुसत्या पोटाला गेले. उरलेल्या चव्वेचाळिसांत नांगर, हत्यारं, अंथरुणं, भांडी, कपडे, मोडला तर जोडायला चाकांचा जादा आस. मुलाला लोखंडी शेगडी हवी होती, आम्ही ती अंदाजाने वीस दाण्यांची ठरवली. लेकीला पुस्तकांची पेटी. पाऊण तास भांडण चाललं. संधीची किंमत वगैरे शब्द मी मुद्दाम उच्चारले नाहीत. शेगडी घेतली तर पेटी राहते, एवढं दोघांना पुरेसं झोंबलं होतं.

प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी वायोमिंगमधल्या फोर्ट लॅरमीला पोचलो आणि शेगडीचा निकाल लागला. 1849 साली, कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे धावलेल्यांनी इथल्या वाटेवर शेगड्या, पेट्या, मांसाचे ढीग टाकून दिले. बैल थकले, पुढे डोंगर, वजन कमी केल्याशिवाय इलाज नव्हता. मिसुरीत मोल देऊन घेतलेली वस्तू इथे मातीमोल, कारण प्रत्येकाला टाकायचीच होती आणि घ्यायची कुणालाच नव्हती. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मग ते आधी का नाही विकून आले?” यावर त्याचे बाबा माझ्या कुकरकडे बघून हसले.

बैलांचंही असंच. खेचरं वेगाने चालत, पण महाग. बैल तासाला दोनच मैल रेटत, पण स्वस्त, आणि वाटेवरच्या रुक्ष गवतावर निभावत. म्हणून बहुतेक कुटुंबांनी बैल घेतले. निघायची वेळही गवतच ठरवी. फार लवकर निघालं तर चारा उगवलेला नाही, उशीर केला तर पश्चिमेच्या डोंगरांत बर्फ. आम्ही गेलो तेव्हा ते गवत खरंच हिरवंगार होतं. खाली उतरून मुलांनी ते हातात घेऊन पाहिलं. हे पुस्तकात कसं दाखवणार?

आता ‘फुकट’. 1837 च्या मंदीनंतर मिसिसिपी खोऱ्यात धान्याचे भाव पडले होते, सखल भागात हिवतापाने माणसं दरवर्षी अंथरूण धरत. घर सोडायला कारण होतं. 1841 च्या कायद्याने सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलरने, म्हणजे 160 एकर 200 डॉलरला मिळे. आणि ओरेगनमध्ये 1850 च्या कायद्याने, त्या वर्षाच्या 1 डिसेंबरच्या आत पोचलेल्या जोडप्याला 640 एकर, एक दमडी न देता. आमच्या कोकणातल्या वाट्याला अकरा गुंठे आलेत, त्यामुळे हा आकडा मला आजही पचत नाही.

“मग सगळेच का नाही गेले?” हा प्रश्न लेकीनेच विचारला आणि माझा प्रवास तिथेच वसूल झाला. गाडी, बैल, शिधा यांना काहीशे डॉलर लागत, तेवढे नसलेली घरं निघूच शकली नाहीत. जे निघाले त्यांचा एक अख्खा हंगाम बुडाला. सहा महिने कमाई नाही, पोचल्यावर हिवाळा उभा. हा सगळा त्या ‘फुकट’ जमिनीचा भाव.

त्या 640 एकरांपैकी निम्मी बायकोच्या नावावर होत. लेक खूश झाली. मग मी सांगितलं की एकट्या पुरुषाला 320 च एकर मिळे, म्हणून लग्नांची घाई सुटली आणि अगदी कोवळ्या मुलींचीही लग्नं लागली. तिचा चेहरा उतरला. कायदा करणाऱ्यांच्या मनात ते नसेलही, पण बक्षीस लावलं की माणसं त्याच्या दिशेने पळतात.

सगळ्यांना बक्षीस नव्हतंच. जॉर्ज बुश नावाचा कृष्णवर्णीय शेतकरी 1844 साली कुटुंबासह मिसुरीहून निघाला, हाताशी पैसा असलेला माणूस. ओरेगनने त्याच वर्षी कृष्णवर्णीयांना वस्तीबंदी केली होती. तो आणि सोबतची गोरी कुटुंबं कोलंबिया नदीच्या उत्तरेला, आजच्या वॉशिंग्टन राज्यातल्या टमवॉटरजवळ, जाऊन राहिली. त्याला जमिनीचा हक्क द्यायला अमेरिकी काँग्रेसला 1855 साली खास कायदा करावा लागला.

आणि ती जमीन होती कुणाची? 1851 साली फोर्ट लॅरमीचा करार इथून जवळच, हॉर्स क्रीकच्या काठी झाला. लाकोटा, शायेन आणि इथल्या इतर मूळ जमातींना वर्षाला 50,000 डॉलर, 50 वर्षं, असं ठरलं, आणि सिनेटने ती मुदत 10 वर आणली. तांड्यांच्या बैलांनी खाल्लेलं गवत, पळालेले गवे, तोडलेली झाडं, यांतलं काहीच आमच्या दोनशे दाण्यांत नव्हतं. मुलगा म्हणाला, “मग गवताचे दाणे पण मोजायला हवे होते.” मी मान डोलावली. किती, ते मलाही ठरवता येईना.

रात्री कुकरची शिट्टी होताना आजोबांची गोष्ट निघाली. तेही निघालेच होते, वळकटी आणि ट्रंक घेऊन, कोकणातून परळच्या गिरणीत. पण त्यांनी शेत विकलं नाही. आजी गावात, मनीऑर्डर महिन्याला, आणि गणपतीला घरी. गिरणी बंद पडली तर भात, पाऊस रुसला तर पगार. ओरेगनवाले मात्र मागचं दार बंद करून निघाले होते. लेकीने विचारलं, “आणि आपण?” डेन्व्हरात घराचा हप्ता, गावात अकरा गुंठे. नेमकं कुठे बसतो ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही. वरण मात्र झकास झालं होतं.

तिसऱ्या दिवशी वायोमिंगमधल्याच गर्न्सीला गेलो. तिथे वालुकाश्मात चाकांनी कोरलेल्या चाकोऱ्या आहेत, काही ठिकाणी मुलाच्या छातीपर्यंत खोल. तो आत उभा राहिला आणि लेकीने फोटो काढला.

परतताना डेन्व्हरजवळ नेहमीचा प्रश्न आला, टोलचा रस्ता घ्यायचा की गर्दीचा. आदल्या रात्री मी त्यांना ओरेगनमधला शेवटच्या टप्प्याचा टोलरस्ता, बार्लो रोड, सांगितला होता. 1846 पासून माउंट हूडला वळसा घालून जाणारी ती वाट, गाडीला 5 डॉलर आणि जनावरामागे 10 सेंट. नाहीतर तराफ्यावर सामान लादून कोलंबिया नदीतून जिवावर उदार होऊन जा.

“टोल घ्या, बाबा,” मागून मुलगा म्हणाला. “तराफा नको.” मग थोडं थांबून, “आणि आपल्याकडे जनावरं नाहीत हे त्यांना सांगा.”